नवतप्यात टिकला पाहिजे असा ओव्हरक्लॉक: रायझन ५ ३६०० च्या टेस्टिंगच्या नोंदी

ओव्हरक्लॉक म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त स्पीडवर चालवणं, आणि नवतपा म्हणजे मेअखेरचे नऊ कडक उन्हाचे दिवस. मशीन आधी सांगतो म्हणजे पुढचे आकडे कळतील. रायझन ५ ३६००, सहा कोर बारा थ्रेड, बी४५० चिपसेटचा साधा बोर्ड (व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, हीटसिंक नाही), ८ चे दोन म्हणजे १६ जीबी रॅम, जुनं ग्राफिक्स कार्ड. काम लग्नाचे व्हिडिओ एडिट करून रेंडर मारायचं. गाव हिंगणघाट तालुक्यात, जिनिंग जवळच. आमच्याकडं लग्नसराई आणि ऊन एकाच वेळी येतात, म्हणजे मशीनवर सगळ्यात जास्त लोड एप्रिल-मेमध्ये, आणि तेव्हाच खोली तापलेली. नेटवर जे ओव्हरक्लॉकचे आकडे सापडतात ते बहुतेक एसीच्या खोलीतले, ते इथं चालत नाहीत, म्हणून स्वतः टेस्ट करून लिहून ठेवतोय.

१२ जानेवारी

पहिलं काम थर्मामीटर आणलं. कोंबड्यांच्या शेडमध्ये पिल्लांसाठी लावतात तो डिजिटल, टेंपरेचर आणि दमटपणा दोन्ही दाखवतो, २८० रुपये. कॅबिनेटसमोर हवा आत जाते तिथं, एक वीत अंतरावर टांगला. इथून पुढं प्रत्येक आकड्यासोबत खोलीचं टेंपरेचर लिहिणार, कारण हवेवर चालणारा हीटसिंक प्रोसेसरला खोलीपेक्षा थंड करूच शकत नाही, तो फक्त खोलीच्या वर किती अंश हे ठरवतो. खोली २२ वरून ४२ ला गेली की प्रोसेसरही कमीत कमी तेवढाच वर जाणार. म्हणून मी «७८ आलं» असं नुसतं लिहीत नाही, «खोली २२, फरक ५६» असं लिहितो.

आज काहीच न वाढवता, कंपनी सेटिंगवर:
सिनेबेंच आर२३ (प्रोसेसरचा स्पीड मोजणारं सॉफ्टवेअर), दहा मिनिटं: स्कोअर ९,१९०, खोली २२, सीपीयू (म्हणजे प्रोसेसर) ७८, फरक ५६. सगळ्या कोरवर साधारण ४.० गिगाहर्ट्झ राहतं.

हे सोबत आलेल्या छोट्या हीटसिंकवर. रीडिंग एचडब्ल्यूइन्फो या सॉफ्टवेअरमधलं घ्यायचं, «टीडाय» वालं, म्हणजे चिपचं स्वतःचं टेंपरेचर. या प्रोसेसरची कंपनीने दिलेली कमाल मर्यादा ९५ आहे, मी माझी ९० धरतो, त्याच्यावर गेलं की टेस्ट बंद.

१९ जानेवारी

मल्टिप्लायर ४२ (म्हणजे ४.२ गिगाहर्ट्झ), व्होल्टेज हाताने १.३०. विंडोज उघडलं, सिनेबेंच एकदा पास, खोली २१ आणि सीपीयू ८७. मग प्राइम९५ (प्रोसेसरवर सतत गणिताचा लोड टाकणारं सॉफ्टवेअर) चं स्मॉल एफएफटी लावलं तर दोन मिनिटात ९३, बंद केलं. स्मॉल एफएफटी हा सगळ्यात जास्त गरम करणारा प्रकार आहे, रोजच्या कामात एवढा लोड कधी येत नाही, पण त्यात जे टिकतं ते रेंडरमध्ये सहसा टिकतं म्हणून मी तोच धरतो.

४३ करून पाहिलं त्याच व्होल्टेजवर. स्क्रीन आलीच नाही, पंखे फिरून राहिले आणि पुढं काही नाही. अशा वेळी घाबरायचं काम नाही, मेन स्विच बंद करा, वायर काढा, बोर्डवर सीएमओएस क्लिअरच्या दोन पिना असतात त्यांना स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने दहाएक सेकंद जोडून धरा, पिना सापडत नसतील तर नाण्याएवढा सेल काढून पाच मिनिटांनी परत लावा. बायोस (बोर्डच्या सेटिंगचं मूळ सॉफ्टवेअर) मूळ सेटिंगवर येतं. पण त्याच्याआधी चालू सेटिंगचे मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, नाहीतर सगळं परत आठवत बसावं लागतं.

४३ चा नाद तिथंच सोडला. १.३५ देऊन कदाचित चाललंही असतं, पण ती उष्णता काढायला माझ्याकडं काही नाही.

२१ जानेवारी

व्होल्टेज खाली आणतोय. सोबत एलएलसी नावाची सेटिंग बघितली, लोड आला की व्होल्टेज किती खाली पडू द्यायचं ते ती ठरवते. «ऑटो»वर असताना बायोसमध्ये १.२७५ दिलं तरी लोड आला की एचडब्ल्यूइन्फोत १.२३८ दिसायचं, म्हणजे प्रोसेसरला आपण समजतो त्यापेक्षा कमी मिळत होतं, आणि प्राइमचा एक वर्कर (गणित करणारा एक भाग, गणित चुकलं की थांबतो) दर वेळी पहिल्या काही मिनिटात थांबायचा. एलएलसी मधल्या लेव्हलला केलं, लोडमध्ये १.२६२ राहिलं, वर्कर थांबले नाहीत. सगळ्यात कडक लेव्हल लावू नका, लोड सुटला की व्होल्टेज क्षणभर वर उडी मारतं आणि ती उडी सॉफ्टवेअरमध्ये दिसतही नाही. लेव्हलचे नंबर बोर्डाप्रमाणे उलटसुलट असतात, काहींत १ म्हणजे कडक, काहींत १ म्हणजे सैल, तेव्हा नंबरवर न जाता लोडमधलं व्होल्टेज बघून ठरवा.

२७ जानेवारी

हा आठवडा पूर्ण वाया गेला. ४.२ आणि १.२७५ वर दिवसा प्राइम तासन् तास चालतं, आणि संध्याकाळी सात-साडेसातनंतर लावलं की मशीन खटकन बंद होऊन परत सुरू. निळी स्क्रीन नाही, काही नाही. व्होल्टेज १.२८७५ केलं, १.३० केलं, तेच. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये फक्त कर्नल-पॉवर ४१, आणि त्याचा अर्थ एवढाच की मशीन नीट शटडाउन न होता बंद पडलं. डब्ल्यूएचईए लॉगरची (विंडोजमध्ये हार्डवेअरच्या चुका टिपतो तो) एकही नोंद नाही. प्रोसेसर अस्थिर असला तर बऱ्याच वेळा (दर वेळी नाही) ती नोंद सापडते, १८ नंबरची किंवा १९ नंबरची. म्हणून सगळं कंपनी सेटिंगवर नेऊन संध्याकाळी ग्राफिक्स कार्ड आणि सीपीयू दोन्हींवर सोबत लोड टाकला. तरी बंद!

शेजारचे वायरमन मामा मल्टीमीटर घेऊन आले, भिंतीवरच्या लाइटच्या बोर्डात लावला तर १७२ व्होल्ट. मामा म्हणाले, «तुह्या कम्प्युटरले काही नाही झालं बाबू, लाइनच मरून रायली. हरभऱ्या-गव्हाचं ओलित चालू हाये, साऱ्या मोटरा एका टायमाले सुरू होतात.» दुपारी मोजलं तेव्हा २२१ होतं.

मग एसएमपीएसवरचं (कॅबिनेटमधला पॉवर सप्लाय) स्टिकर वाचलं. इनपुट २०० ते २४० व्होल्ट. म्हणजे १७२ वर त्याच्याकडून पूर्ण लोडची अपेक्षाच चुकीची. कोणी गावात हे करत असेल तर माझं सांगणं हेच, ओव्हरक्लॉकला हात लावायच्या आधी एसएमपीएसचं स्टिकर वाचा आणि संध्याकाळी घरचं व्होल्टेज मोजा. नाहीतर लाइनचा दोष प्रोसेसरवर जातो आणि माणूस विनाकारण व्होल्टेज वाढवत बसतो.

३ फेब्रुवारी

नागपूरच्या बर्डीवरून ५५० वॅटचा एसएमपीएस आणला, इनपुट १०० ते २४०. ३,६०० रुपये. येताना टॉवर हीटसिंकही घेतला, चार हीटपाइप, १२० एमएमचा पंखा, २,१०० रुपये, पेस्ट सोबत. रात्री आठ वाजता लाइन १७६ असताना कंपनी सेटिंगवर तीच टेस्ट लावली, जेवण झालं, झोपलो, सकाळी चालूच होती.

४ फेब्रुवारी

हीटसिंक बदलला. एएम४ सॉकेटवाल्यांनी हे नीट वाचा. या प्रोसेसरला खालून पिना असतात, १,३३१, आणि सॉकेट त्यांना बाजूने पकडतं, वरून प्रोसेसरला दाबून ठेवणारी पट्टी नसते. जुनी पेस्ट वाळून चिकटलेली असली आणि हीटसिंक सरळ वर ओढला, तर लॉक लागलेलं असतानाच प्रोसेसर सॉकेटमधून उपटून हीटसिंकसोबत वर येतो आणि पिना वाकतात. म्हणून आधी पंधरा मिनिटं सिनेबेंच चालवून पेस्ट नरम केली, मशीन बंद केलं, लगेच चारही स्क्रू आळीपाळीने थोडे थोडे सैल केले, आणि हीटसिंक वर न उचलता हाताने डावीकडं-उजवीकडं फिरवत राहिलो, करंगळीच्या रुंदीएवढाच. सुरुवातीला हलत नव्हता, मग एकदम सैल झाल्याचं बोटांना कळलं, त्यानंतरच एका कडेने तिरपा करून उचलला. प्रोसेसर जागेवर राहिला. घाई असेल त्या दिवशी हे काम काढू नका.

पेस्ट मध्ये वाटाण्याएवढी, बस.

४.२ आणि १.२७५: स्मॉल एफएफटी एक तास, खोली २५, सीपीयू ७९, फरक ५४. सिनेबेंच ९,६५०, खोली २५, सीपीयू ६९, फरक ४४.

८ फेब्रुवारी

सीपीयू थंड झाला पण व्हीआरएम तापला. आधी छोटा हीटसिंक होता त्याचा पंखा वरून खाली बोर्डवर फुंकायचा, त्यात सॉकेटच्या बाजूच्या मॉसफेटलाही (व्हीआरएमचे तापणारे भाग) हवा लागायची. टॉवरचा पंखा हवा आडवी नेतो, मॉसफेट कोरडेच. एचडब्ल्यूइन्फोत «व्हीआर मॉस» ७६ चं ९१ झालं, तेही खोली २४ असताना. मे महिन्यात हे ११० च्या घरात गेलं असतं. ८० एमएमचा पंखा १८० रुपयांत आणून झिप टायने मॉसफेटच्या वर तिरपा बांधला. ९१ चं ७३. या पंख्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही, पण माझ्या मते पूर्ण कामात सगळ्यात कमी पैशात सगळ्यात जास्त फायदा यानेच दिला.

२ मार्च

रॅम. ही टेस्ट वेगळी करायची, दोन्ही सोबत वाढवलं तर पडल्यावर कोणामुळं पडलं ते कळत नाही. प्रोसेसर कंपनी सेटिंगवर, एक्सएमपी ३२०० (रॅमचा कंपनीने दिलेला जास्त स्पीड) चालू, रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर, एरर शून्य. रॅमचा विषय संपला.

१८ मार्च

खोली ३१, सेटिंग तेच ४.२ आणि १.२७५. हिशेबाने स्मॉल एफएफटीला ८५ यायला पाहिजे (३१ अधिक ५४), आलं ९०. पाच अंश कुठून वाढले? फरक लिहून ठेवला नसता तर «ऊन वाढलं» म्हणून सोडून दिलं असतं.

हीटसिंकचा पंखा काढला तेव्हा दिसलं. पंख्याच्या बाजूने हीटसिंकच्या पात्यांवर रुईचा थर, पातळ पण सलग, चिमटीत धरून ओढला तर वाकळीच्या अस्तरासारखा एक पूर्ण तुकडा निघाला. धूळ फुंकर मारली की उडते, रुई उडत नाही, तंतू पात्यांच्या कडेत अडकतात आणि त्याच्यात मग धूळ बसते. दिवाळीनंतर जिनिंग सुरू होतं ते उन्हाळ्यापर्यंत चालतं, पऱ्हाटीचा हंगाम पूर्ण हवेत असतो. हवेचा ब्लोअर मारून काही होत नाही, पंखा काढायचा, रंगाचा कोरडा ब्रश उभ्या दिशेने फिरवायचा आणि बाकीचं चिमट्याने.

साफ केल्यावर: खोली ३१, सीपीयू ८५. बरोबर ५४.

समोरच्या जाळीवर आता नायलॉनची मच्छरदाणी कापून लावली, एकपदरी. दुपदरी लावून पाहिली तर तीन अंश वाढले म्हणून काढली. दर पंधरा दिवसांनी काढून झटकायची.

१६ एप्रिल

आज ज्यासाठी हे चाललं होतं ते झालं. दुपारी तीन, खोली ३८, तेच सेटिंग जे जानेवारीपासून पास होत आलं. चाळीसेक मिनिटांनी प्राइमचा एक वर्कर थांबला, राउंडिंग ०.५ आलं, अपेक्षा ०.४ पेक्षा कमी, म्हणजे गणित चुकलं. सीपीयू ९३ होता, म्हणजे माझी ९० ची मर्यादाही ओलांडलेली. फरक ५४ चा ५५ झालाय, कारण चिप जास्त गरम झाली की तिची गळती वाढते आणि ती स्वतःच आणखी थोडी वीज खाते. आणि गरम चिपला तोच स्पीड टिकवायला व्होल्टेजही थोडं जास्त लागतं. म्हणजे उन्हाळ्यात दोन्हीकडून मार बसतो, व्होल्टेज वाढवावं तर उष्णता वाढते, नाही वाढवावं तर एरर येतो. मी १.२८७५ देऊन बघितलं, वीस मिनिटांत ९५ ला टेकायला लागला, बंद केलं.

मित्राचं म्हणणं, «काहून एवढं डोकं लावून रायला, प्राइम कोण चालवते रोज? रेंडर तर होऊन रायलं ना.» होतंय, खरं आहे. पण गणित चुकणारा प्रोसेसर रेंडर पूर्ण करूनही मधेच एखादी हिरवी पट्टी, एखादी खराब फ्रेम टाकू शकतो, आणि कोणाच्या लग्नात नेमकी मंगलाष्टकांची फ्रेम गेली तर ती परत शूट करता येत नाही. त्यामुळं एरर आला म्हणजे ते सेटिंग बाद, मला त्यात मधलं काही मान्य नाही.

२ मे

खोलीतल्या मोठ्या कुलरबद्दल. नव्या ताट्या लावल्या, पाणी भरलं, दुपारी बाहेर ४४ असताना खोली ३१ पर्यंत येते, सगळ्या टेस्ट आरामात पास. पण लाइन गेली की मशीन इन्व्हर्टरवर चालू राहतं आणि कुलर बंद, इन्व्हर्टरला त्याचा लोड झेपत नाही. अर्ध्या तासात खोली ३९-४०. आणि रेंडर मधात सोडता येत नाही. म्हणून टेस्ट कुलर बंद ठेवूनच करायची असं ठरवलं, दारं लावून, दुपारी दोन ते पाच. कुलरच्या हवेचा झोत सरळ कॅबिनेटवरही घेऊ नका, दमट हवेत रुई आणि धूळ चिकटून गाळासारखी बसते, आता दोन खुर्च्यांएवढं बाजूला सरकवलंय.

मागच्या बाजूला हवा बाहेर फेकणारा १२० एमएमचा पंखा, ३५० रुपये. फरक तीन अंशांनी कमी.

११ मे

४.२ सोडून दिलं. ४.१ वर आलो आणि व्होल्टेज खालून वर चढवत गेलो. १.१८७५ वर वर्कर लगेच थांबला. १.२० वर दोन तासांनी एक थांबला. १.२१२५ वर नाही थांबला.

हिशेब असा की प्रोसेसरची उष्णता स्पीडच्या पटीत वाढते पण व्होल्टेजच्या वर्गाच्या पटीत. १.२७५ चा वर्ग गुणिले ४.२ म्हणजे ६.८३. १.२१२५ चा वर्ग गुणिले ४.१ म्हणजे ६.०३. स्पीड अडीच टक्केही कमी झाला नाही आणि उष्णता बारा टक्क्यांच्या आसपास उतरली. शेवटच्या १०० मेगाहर्ट्झची किंमत किती असते ते इथं दिसतं.

खोली ४०, स्मॉल एफएफटी तीन तास, सीपीयू ८५, फरक ४५. सिनेबेंच ९,४२०.

आणि एक गोष्ट ज्याचा मी आधी विचार केला नव्हता: याच खोलीत कंपनी सेटिंगवर सिनेबेंच लावलं तर जानेवारीतल्या ९,१९० ऐवजी ८,९८० आलं, कारण ऑटो बूस्ट गरमी बघून स्वतःच स्पीड कमी करतो. म्हणजे माझं ४.१ हिवाळ्यात कंपनी सेटिंगपेक्षा अडीच टक्क्यांनी पुढं, आणि ऐन उन्हाळ्यात जवळजवळ पाच टक्क्यांनी.

१७ मे

लोड एकसारखा ठेवण्यापेक्षा तोडून तोडून दिला. प्राइम दोन मिनिटं चालू, अर्धा मिनिट बंद, असं तासभर. व्होल्टेजच्या उड्यांमध्ये जे पडायचं असतं ते यात पडतं. नाही पडलं. सकाळी मशीन पूर्ण थंड असताना स्विच मारून सुरू होतं का तेही बघतोय, सारखं होतंय.

२७ मे, नवतपा

खोली ४२, दुपारी साडेतीन, कुलर बंद, दारं बंद, मी बाहेर ओसरीत. स्मॉल एफएफटी: सीपीयू ८८, फरक ४६, एरर नाही, डब्ल्यूएचईए शून्य. व्हीआरएम ८९.

मग खरं काम. एका लग्नाचं पूर्ण रेंडर हँडब्रेक या सॉफ्टवेअरमधून एक्स२६४ ला, कार्ड न वापरता फक्त प्रोसेसरवर. मधात लाइन गेली, इन्व्हर्टरने धरलं, परत आली, परत गेली. सीपीयू ७८ ते ८० च्या मधात. फाइल सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसून बघितली, कुठं पट्टी नाही, आवाज मागंपुढं नाही. पार्टीला पेन ड्राइव्ह दिला.

दीड तासाच्या रेंडरमागं चार-पाच मिनिटं वाचतात, त्यापेक्षा जास्त नाही. कोणाला यातून दुप्पट स्पीड पाहिजे असेल तर हा रस्ता नाही, जास्त कोरचा प्रोसेसर घ्या. माझ्यासाठी महत्त्वाचं हे की ४२ च्या खोलीत मशीन सोडून मी शूटिंगला जाऊ शकतो.

१९ जून

पाऊस लागला. खोली ३१, दमटपणा ८२ टक्के. फरक तोच ४५, दमटपणाने त्यात काही बदल नाही. पण वीज कडाडली की वायर काढून ठेवतो, त्याला सेटिंग काही करू शकत नाही.

आतापर्यंत खर्च: थर्मामीटर २८०, एसएमपीएस ३,६००, हीटसिंक २,१००, छोटा पंखा १८०, मागचा पंखा ३५०. एकूण ६,५१०. यातला एसएमपीएस ओव्हरक्लॉक केला नसता तरी लागलाच असता.

चालू सेटिंग: ४.१, १.२१२५, एलएलसी मधली, एक्सएमपी ३२००. बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून सेव्ह केलंय. पुढची टेस्ट ऑक्टोबरच्या उन्हात, जिनिंग सुरू व्हायच्या आधी, पात्या साफ करून आणि पेस्ट नवीन लावून. फरक ४५ च्या वर दिसला तर आधी मच्छरदाणी बघायची, व्होल्टेजला हात नंतर.